आधी निवडणे, मग दळणे : संगणकाच्या जगातील एका स्वयंसेवेचा इतिहास



गहू गिरणीत पाठविण्यापूर्वी घरातील आई किंवा आजी ते परातीत घेऊन निवडत बसते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. खडा वेगळा, किडका दाणा वेगळा, चांगले धान्य वेगळे. या कामाचे कौतुक कोणी करीत नाही. जेवताना दाताखाली खडा आला म्हणजे मात्र निवडणाऱ्याची आठवण होते. संगणकाच्या जगातही असेच एक निवडण्याचे काम आहे. ते करणारी माणसे जगभर विखुरलेली आहेत, त्यांपैकी पुष्कळांना त्याचा एक पैसाही मिळत नाही, आणि ती नेहमीच कमी पडतात. त्यांचा इतिहास सांगावा आणि आपल्या गावातील मुलामुलींना त्या कामाकडे वळवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम थोडा खुलासा करावयास हवा. संगणकावर किंवा फोनवर चालणाऱ्या प्रत्येक प्रणालीमागे माणसाने लिहिलेल्या सूचनांची एक वही असते, असे समजा. पुष्कळ कंपन्या ही वही कुलपात ठेवतात. मुक्त स्रोत प्रणालींचे कर्ते मात्र ती उघडी ठेवतात. ती कोणीही वाचावी, तिची नक्कल करावी, चूक दिसल्यास दुरुस्ती सुचवावी, अशी त्यांची परवानगी असते. वहीबरोबर दुसरीही एक गोष्ट उघडी असते, ती म्हणजे तक्रारींची नोंदवही. कोणाचे काय बिघडले, कोठे अडले, हे जो तो तेथे लिहितो. प्रणाली लोकप्रिय झाली की तक्रारींचा ढीग होतो. त्यांतील खरी कोणती, जुनीच पुन्हा आलेली कोणती, अर्धवट कोणती, तातडीची कोणती, हे ठरविणे म्हणजे आपल्या भाषेत निवडणे.

ढीग आणि निवड यांचे नाते आपल्या जिल्ह्यास नवे नाही. सोनगीरहून धुळे काही फार दूर नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे २२ खंड प्रसिद्ध केले. पण रुमालात बांधलेला कागद म्हणजे इतिहास नव्हे. तो कोणी कोणास लिहिला, कोणत्या साली, कशासंबंधी, त्याची दुसरी प्रत कोठे आहे काय, हे ठरल्यावाचून तो उपयोगी पडत नाही.

येथे आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. मराठेशाहीतील कित्येक कागदांवर साल आकड्यांत नसते, तर अरबी शब्दांत असते. ‘सुहूर सन अर्बा सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळले म्हणजे अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११७४. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७३ येते, आणि ते साल पुढे १७७४ मध्येही चालते. ज्याला लहानपणी अरबी अंक म्हणावयास शिकविलेले आहे तो मुलगा, मोडी येत नसली तरी, अशा कागदाच्या सालापुरता तज्ज्ञच म्हणावयाचा! सर्व विद्या एकाच माणसापाशी असावी लागत नाही. प्रत्येकाने आपल्याला येणारी एक गोष्ट आणली की रुमाल सुटू लागतो. पुढील सर्व हकिकत वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

परदेशातही हेच घडले होते. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी इंग्रजी भाषेचा मोठा कोश हाती घेतला, तेव्हा त्यांनी जनतेस जाहीर आवाहन केले की, पुस्तके वाचा आणि शब्दांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून पाठवा. आधीच्या वीस वर्षांत जमलेल्या चिठ्ठ्यांची पोती त्यांच्या हाती आली, त्यांतील एकात मेलेला उंदीर निघाला आणि दुसऱ्यात उंदरांचे कुटुंबच नांदत होते. वाचणाऱ्यांनी चमत्कारिक शब्दांच्या चिठ्ठ्या भरमसाट पाठविल्या होत्या आणि रोजच्या साध्या शब्दांकडे दुर्लक्ष केले होते. त्या लावून देण्यासाठी पुन्हा स्वयंसेवकच पुढे आले. कोश पूर्ण व्हावयास १९२८ साल उजाडले. मरे १९१५ मध्येच वारले होते.

आता संगणकाकडे वळू. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत एक छपाईयंत्र होते. त्यात कागद अडकला की ते मुकाट्याने उभे राही. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांची इच्छा एवढीच होती की, कागद अडकल्याबरोबर सर्वांना सूचना मिळावी. पण यंत्राची वही कुलपात होती आणि ती त्यांना दाखविण्यात आली नाही. या व अशाच अनुभवांतून त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, तीत काय असावे असे लोकांना वाटते, अशी विचारणा करणारे पत्र जगापुढे ठेवले. तीच लिनक्स. आज आपल्या घरातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी तीच आहे. माझ्यातील शिक्षकाला त्या पत्रातील एक गोष्ट फार आवडते. विद्यार्थ्याने ‘मी काय केले ते पाहा’ एवढेच म्हटले नाही, लोकांचे मतही मागितले.

मत मागितले की ते मिळते, आणि मिळू लागले की आवरत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने १९९९ चा उन्हाळा म्हणूनच महत्त्वाचा आहे. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची वही जगास खुली केली आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. तक्रारी नोंदविण्यासाठी बगझिला नावाची नोंदवही तयार झाली. संगणकाच्या भाषेत चुकीला बग, म्हणजे किडा, म्हणतात. जुलै १९९९ पर्यंत तीत अशा ३७० हून अधिक तक्रारी पडून होत्या की ज्या सुटसुटीत करावयासही कोणास सवड झालेली नव्हती. कोणी आपले संपूर्ण वेबपान पाठवी आणि लिही की हे बरोबर दिसत नाही. त्या पानातील शेकडो ओळींपैकी दोष नेमका कोणत्या ओळीमुळे दिसतो, हे शोधण्यातच अभियंत्यांचे दिवस जात.

तेव्हा मोझिलाच्या मंडळींनी एक युक्ती केली. त्यांनी ‘बगॅथॉन’ पुकारला. ज्यांना प्रणाली लिहिता येत नाही त्यांनीही यावे, एक तक्रार उचलावी आणि त्या पानातील एकेक ओळ काढीत जावे. ओळ काढूनही दोष राहिला तर ती ओळ निरपराध, दोष नाहीसा झाला तर ती परत घालावी. असे करीत अगदी थोड्या ओळी उरल्या की त्या अभियंत्याच्या हाती द्याव्यात. पाच तक्रारी सोडविणाऱ्यास समारंभाचे आमंत्रण, दहा सोडविणाऱ्यास खेळण्यातली कापडी पाल आणि वीस सोडविणाऱ्यास अभियंत्यांच्या सह्यांचा शर्ट! (पाल कशासाठी, असे आपण विचाराल. ब्राउझरच्या गाभ्याचे नाव गेको होते आणि गेको ही पालीचीच जात आहे.) हसू येण्यासारखे हे बक्षीस असले तरी त्यामागील विचार साधा व पक्का होता. ज्याला दुरुस्ती येत नाही त्यालाही दुरुस्ती सोपी करता येते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते आपल्या गावच्या उदाहरणाने सांगतो. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. गळका हंडा घेऊन गेलेले शहाणे गिऱ्हाईक नुसते ‘खराब झाला’ असे म्हणत नाही. ते बोट ठेवून सांगते की पाणी भरले की येथून झिरपते, रिकामा असता काही कळत नाही. निवडणाऱ्या स्वयंसेवकाने तक्रारदाराकडून हेच काढून घ्यावयाचे असते. काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्ष काय झाले, प्रणालीची आवृत्ती कोणती. मग तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहावयाची. दोष दिसला तर तसे लिहावयाचे. दिसला नाही तर तेही लिहावयाचे, कारण ‘माझ्याकडे असे होत नाही’ ही सुद्धा माहितीच आहे. नंतर जुन्या नोंदींत हीच तक्रार आहे काय ते शोधावयाचे, असल्यास दोहोंची गाठ घालून द्यावयाची. शेवटी तातडी ठरवावयाची. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लॅरे यांनी असा प्रघात पाडला होता की, आधी उपचार त्याला ज्याची जखम अधिक गंभीर, मग तो सेनापती असो की शिपाई. येथेही मोठ्याने ओरडणाऱ्याची तक्रार पहिली नसते. ज्या दोषाने लोकांचे काम नष्ट होते तो पहिला, आणि चिन्हाचा रंग फिका दिसतो तो मागाहून.

आता माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची एक यादी आम्ही दोघा शिक्षकांनी मिळून एका मुक्त प्रणालीत टंकित केली. पुढे मी तीत ‘तिसऱ्या’ हा शब्द शोधला, तर निम्मीच नावे समोर आली. मी रागाने त्या प्रकल्पाच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली, ‘मराठी शोध चालत नाही.’ दोन दिवसांत परदेशातील कोणा अनोळखी स्वयंसेवकाने मला नम्रपणे तीन प्रश्न विचारले. मी उत्तर दिले नाही. परीक्षा होत्या, आणि खरे सांगायचे तर मला ते प्रश्न कळलेच नव्हते. काही महिन्यांनी माहितीअभावी तक्रार बंद झाली आणि मी मात्र सर्वांना सांगत राहिलो की तेथे मराठीस कोणी विचारीत नाही.

खरे कारण मला फार उशिरा कळले. ‘तिसऱ्या’ मधील तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निरनिराळे शब्द होत. आम्हा दोघांचे टंकलेखन निरनिराळ्या प्रकारचे होते, एवढाच प्रकार. ही गोष्ट मी त्या वेळी चार ओळींत लिहिली असती तर माझ्यासारख्या किती कारकुनांचे, पत्रकारांचे व शिक्षकांचे काम सुकर झाले असते!

विद्यार्थी मित्रांनो, या अर्ध्या र चे महत्त्व तुम्हांस व्याकरणाच्या तासाला शिकविलेले आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास बोलाव’ म्हटले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यास बोलाव’ म्हटले तर स्वयंपाकी. एखाद्या अक्षरठशात हा भेद पुसला गेला तर फिनलंडच्या किंवा ब्राझीलच्या अभियंत्यास ते कसे समजावे? त्याला दोन्ही आकृत्या सारख्याच परक्या. तसेच ‘ॲ’ या अक्षराचे. आपण ॲम्ब्युलन्स, ॲल्युमिनियम हे शब्द रोज लिहितो, पण युनिकोड या जागतिक अक्षरसंचात या अक्षरास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी लोक ‘अ’ वर चंद्र जोडून काम भागवीत, आणि तशी लिहिलेली मजकुराची पाने आजही हिंडत आहेत. मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीहून वेगळे, पण दोन्ही भाषांसाठी अक्षराचा क्रमांक एकच. तेव्हा ‘माझा ल चुकीचा दिसतो’ ही तक्रार आली तर ती अक्षरसंचाची नव्हे, अक्षरठशाची आहे, हे सांगणारा कोणीतरी मराठी माणूस तेथे बसलेला हवा. ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे ठसे रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. ठसे मिळाले हे उत्तमच, पण ते वापरून पाहून चूक कोठे ते सांगणारे मराठी भाषिकच असू शकतात.

निवडणारे कमी पडले तर काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. एक्सझेड नावाची, फाइल दाबून लहान करणारी एक छोटी मुक्त प्रणाली आहे. जगातील असंख्य संगणकांत ती असते, पण तिचा सांभाळ लासे कॉलिन हा एकटा गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन करीत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर जाहीर टोमण्यांचा मारा सुरू केला की काम संथ चालते, दुसऱ्यास अधिकार द्या. त्याने प्रांजळपणे लिहिले की आपली मनःस्थिती बरी नसते आणि हे काम आपण हौसेने करतो. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने वावरणारी एक व्यक्ती मोठ्या तत्परतेने मदत करीत होती. हळूहळू तिला अधिकार मिळाले. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत तिने एक चोरदरवाजा लपविला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने ते सोडून दिले नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्व पुराव्यानिशी ती गोष्ट जाहीर केली आणि बहुतेक संगणकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो दरवाजा बंद झाला. जिया टॅन कोण होती किंवा होता, हे उघड झालेले नाही.

या हकिकतीतून काही जण असा अर्थ काढतात की अनोळखी स्वयंसेवकावर विश्वास ठेवूच नये. मला तसे वाटत नाही. कॉलिनच्या शेजारी प्रामाणिक अशी चार-पाच माणसे तक्रारी निवडावयास बसलेली असती, तर त्याचा थकवा कोणाच्या हाती हत्यार म्हणून आला नसता.

अर्थात उत्साह म्हणजे मदत नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका अमेरिकन कंपनीच्या वार्षिक उपक्रमात, चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास शर्ट मिळेल, असे होते. शर्टासाठी हजारोंनी एखादा शब्द इकडचा तिकडे करून ‘दुरुस्ती’ म्हणून पाठविला. प्रकल्प चालविणारे इतके वैतागले की उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला. त्या गर्दीत आपल्या देशातील विद्यार्थीही होते, हे लपवून उपयोग नाही. १९९९ मध्येही शर्टच होता! पण तेव्हा ढीग कमी करणाऱ्यास तो मिळत होता.

पालक विचारतात, ‘सर, यात मुलाला मिळणार काय?’ पैसा मिळत नाही. शिवाय या फुकट कामावर मोठमोठ्या कंपन्या नफा कमावतात, हा आक्षेपही खोटा नाही, आणि तो मुलांपासून लपवू नये. पण नेमका प्रश्न विचारणे, पुराव्याशिवाय न बोलणे, अनोळखी माणसास सभ्यपणे उत्तर देणे आणि कामापुरते इंग्रजी लिहिणे, या चार गोष्टी मी वर्गात वर्षभर घसा कोरडा करून शिकवू शकत नाही, त्या तेथे आपोआप अंगवळणी पडतात. ते सर्व लेखन उघड्या नोंदवहीत नावानिशी राहते, पुढे नोकरीच्या वेळी दाखविता येते. आणि घरी बसून होणारे काम असल्याने ज्या मुलींना शिकवणीसाठीही धुळ्यास पाठविण्यास घरचे कचरतात, त्यांनाही ते करता येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. तक्रारीसोबत चित्र जोडताना त्यात कोणाचे नाव, फोन क्रमांक किंवा गुण दिसू देऊ नयेत, कारण ती नोंद साऱ्या जगास दिसते. आणि एखाद्या चुकीतून चोरास आत शिरता येईल असे वाटले, तर ते उघड्या नोंदवहीत न लिहिता प्रकल्पाने त्यासाठी दिलेल्या खाजगी पत्त्यावर कळवावे.

सुरुवात लहान असावी. आपण रोज वापरतो अशी एकच मुक्त प्रणाली निवडावी, उदाहरणार्थ फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस. दोन्हींत मराठी आहे. पहिला आठवडा नुसत्या तक्रारी वाचाव्यात, काही लिहू नये. मग मराठीशी संबंधित अशी एक जुनी, कोणी न हात लावलेली तक्रार घ्यावी आणि ती आजच्या आवृत्तीत अजून दिसते काय एवढेच करून पाहावे. दिसत असेल तर आवृत्तीचा क्रमांक देऊन तसे लिहावे. इंग्रजी मोडके असले तरी चालते, कृतीचा क्रम मात्र मोडका असू नये.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी संगणक कक्षात तासभर बसतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी घरातील फोन घेऊन यावे, पालकांनीही यावे. पहिल्या दिवशी आपण सर्वांच्या फोनवर ‘आचाऱ्यास’ हा शब्द लिहून पाहू आणि कोणाकडे गुरुजी येतात व कोणाकडे स्वयंपाकी, याची नोंद करू.